समाजमंदिराची चावी कोणाकडे?



या पावसाळ्यात मी ज्या ज्या ग्रामसंघाच्या बैठकीला गेले, तिथे कर्जाच्या विषयाआधी एकच गोष्ट कानावर आली. बसायला जागा नाही. एका गावात आपण अंगणवाडीत बसतो, तर लेकरांची सुट्टी होईपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. दुसऱ्या गावात अध्यक्षताईंच्या पडवीत बसतो, तर घरातलं मोठं माणूस आलं की आपलं बोलणं आपोआप थांबतं. मंदिराच्या ओट्यावर बसलो आणि पाऊस आला, की दफ्तर पदराखाली घेऊन पळायचं. एक मावशी म्हणाल्या, "बारा वर्स झाले गटाले, पन पेटी ठेवाले जागा नाही."

आणि याच गावांमध्ये पहाटे पाच वाजता पोरी डांबरी रस्त्यावर धावून राहिल्या आहेत. पोलीस भरतीसाठी. बाजूने ट्रॅक्टर जातो, कापसाची गाडी जाते, कोणी टोमणा मारून जातो. दोन महिने धावतात, मग घरचे म्हणतात पुरे झालं. मुलांना व्हॉलीबॉलचं नेट बांधायला जागा आहे, भजनी मंडळाला देवळाचा सभामंडप आहे. बायकांना आणि पोरींना मात्र गावात अशी एक जागा नाही जिथे "तू इथं काऊन आली?" असं कोणी विचारणार नाही.

म्हणून बऱ्याच ग्रामसंघांनी "आपल्याला हॉल पाहिजे" असा ठराव घेतला. चांगलं झालं. पण नुसता हॉल मागून काम होत नाही, हे समजून घ्यायला हा लेख आहे. माझं सरळ मत सांगते: बचत गटाचा वेगळा हॉल मागू नका. गावाचं एक केंद्र मागा, ज्यात बैठक होईल, खेळ होईल, भजन आणि भुलाबाईसुद्धा होईल. आणि त्या केंद्रात आपला वाटा किती, आपली वेळ कोणती, चावी कोणाकडे, हे कागदावर लिहून घ्या. एका गटासाठी इमारत बांधायला पैसा आणि जागा दोन्ही मिळणं कठीण. सगळं गाव मागत असेल तर सरपंचालाही नाही म्हणणं कठीण जातं.

आधी कुलूप पाहा

नवीन इमारतीचं स्वप्न पाहण्याआधी गावात एक चक्कर मारा. समाजमंदिर आहे का? जुनी शाळाखोली, पडीक पंचायत भवन, सांस्कृतिक भवन नावाची एखादी वास्तू आहे का? आपल्या जिल्ह्यात असं एखादं बांधकाम बहुतेक गावांत आहे. कुठे त्यात सोयाबीनचे कट्टे ठेवलेले असतात, कुठे लग्नाची भांडी, कुठे नुसतं कुलूप. चावी कोणाकडे हे विचारलं की तीन माणसं तीन नावं सांगतात. ही वास्तू ग्रामपंचायतीच्या मालमत्तेत नोंदलेली असेल, तर ती गावाची आहे. ग्रामसेवकांकडे (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) मालमत्तेची नोंदवही असते. ती पाहायला मागा. नोंदीत काय लिहिलंय, कोणत्या निधीतून बांधलं, ते वहीत उतरवून घ्या. नवीन बांधकामापेक्षा जुन्याची दुरुस्ती स्वस्त पडते आणि जागेचा वादही राहत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. पुष्कळ समाजमंदिरं एका मोहल्ल्यात, एका समाजाच्या वस्तीत आहेत. ती त्या वस्तीसाठी, त्या निधीतून बांधलेली असतात. तिथे बुद्धवंदना होते, १४ एप्रिलचा कार्यक्रम होतो. "हे सगळ्या गावाचं करा" असं बाहेरून जाऊन म्हणणं योग्य नाही. त्या वस्तीतल्या गटांनी स्वतः बोलावलं तरच तो विषय काढायचा. उलट बाजूही तितकीच खरी. गावाच्या मधोमध देवळाला लागून सभागृह असतं, ते "सगळ्यांचं" असतं, पण एका वस्तीतल्या बाया तिथे पाय ठेवायला आजही कचरतात. वर्धेचं लक्ष्मीनारायण मंदिर तुम्ही पाहिलं असेल. जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये ते सर्वांसाठी, दलितांसाठीही खुलं केलं. देशात त्याची चर्चा झाली. जवळपास शंभर वर्षं होत आली. तेव्हा जागा ठरवताना हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारा: या ठिकाणी आपल्या गावातल्या कोणत्या वस्तीतल्या बाया येणार नाहीत? उत्तर "सगळ्याच येतील" असं पटकन आलं, तर दुसऱ्या वस्तीत जाऊन पुन्हा विचारा.

सोबत कोण कोण

भागीदारी म्हटलं की आपल्याला वाटतं पत्रिकेवर सगळ्यांची नावं टाकायची. तसं नाही. भागीदार म्हणजे जो काही देतो आणि काही घेतो तो. प्रत्येकाशी वेगळं बसून हे दोन प्रश्न विचारायचे: तुम्ही काय द्याल, तुम्हाला काय पाहिजे?

ग्रामपंचायत जागा देऊ शकते, वीज-पाण्याची जोडणी देऊ शकते, इमारत तिच्याच नावावर राहते. शाळेकडे मैदान असतं. जिल्हा परिषद शाळेचं मैदान सुट्टीनंतर वापरायचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती या दोघांशी बोलावं लागतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे त्या समितीत आपल्याच गटातल्या दोन-चार जणी बसलेल्या असतात, कित्येकदा त्यांना स्वतःलाच ते आठवत नाही! आधी त्यांना गाठा.

गुरुदेव सेवा मंडळ आपल्या भागात बहुतेक गावांत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये ग्रामगीता लिहिली, तिच्यात प्रार्थनेसोबत गावाची स्वच्छता, आरोग्य, व्यायाम, महिलांची उन्नती असे विषय आहेत. त्यामुळे मंडळातल्या काकाजींशी बोलताना "आम्ही तुमचं भजन बंद करायला नाही आलो, ग्रामगीतेतलंच काम करायला आलो" हे सांगणं सोपं जातं. त्यांच्याकडे सतरंज्या असतात, माईक असतो, आणि मुख्य म्हणजे गावात शब्दाला वजन असतं. युवक मंडळ श्रमदान देईल, त्यांना व्यायामाचं साहित्य पाहिजे असतं. आशाताई, अंगणवाडीताई यांना तपासणीच्या दिवसाला आडोसा असलेली खोली पाहिजे. म्हाताऱ्या माणसांना दुपारी सावलीत बसायला जागा पाहिजे, बस्स.

आणि आपण काय देणार? हे ठरवून जा. ग्रामसंघ नियमित देखभालीची जबाबदारी घेऊ शकतो, हिशेब ठेवू शकतो. हिशेबात आपल्याइतकं तयार मंडळ गावात दुसरं नाही. महिन्याला किती बैठका होतात, नोंदी कशा ठेवतो, परतफेड कशी होते, हे दाखवायला आपलं दफ्तर सोबत न्या. पण झाडलोट फुकटात करू असं चुकूनही म्हणू नका. मी पाहिलेल्या एका ठिकाणी असंच झालं: चावी मंडळाच्या पुरुषांकडे आणि झाडू बायकांकडे. सफाईचे पैसे पहिल्या दिवसापासून खर्चात धरा, मग ते काम बाई करो की माणूस.

जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ पासून, गावोगाव 'कोमिनकान' नावाची लोककेंद्रं उभी राहिली. युद्धात सगळं उद्ध्वस्त झालेलं. अशा वेळी एकाच छताखाली शिकायचं, सभा घ्यायची, खेळायचं, हातकाम करायचं, अशी ती कल्पना. १९४९ मध्ये त्यांच्या कायद्यातच तिला जागा मिळाली. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी आखाड्यापासून सुरुवात केली, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आज तिथे मोठमोठ्या इमारती आहेत, पण त्या मागून आल्या. आधी रोज येणारी माणसं होती. आपल्यालाही इमारतीची वाट पाहत बसायचं कारण नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरींची कबड्डी सुरू करा, महिन्यातून एक बैठक समाजमंदिरात घ्या. सहा महिने हे चाललं तर ग्रामसभेत "कोण येणार तिथं?" या प्रश्नाचं उत्तर हजेरी वहीच देईल.

जागेचं गणित

हा भाग जरा किचकट आहे, पण टेप घेऊन एकदा जमिनीवर मोजून पाहा, मग सोपा वाटेल.

आत खाली सतरंजीवर बसायचं असेल तर एका बाईला साधारण आठ चौरस फूट जागा धरा. बारा गटांच्या १२० जणी एकत्र बसणार असतील तर ९६० चौरस फूट, म्हणजे २४ फूट रुंद आणि ४० फूट लांब. त्याला लागून एक छोटी खोली, कपाट आणि पेटीसाठी, जिचं कुलूप वेगळं राहील. संडास-बाथरूम. हे शेवटी "पैसे उरले तर" असं लिहिलेलं असतं, ते वर आणा. संडास नसेल तर पोरी खेळायला येत नाहीत, बाया दोन तासांच्या वर बसत नाहीत. आणि संडासाचं दार रस्त्याकडे नको.

अपंग ताई आणि म्हाताऱ्यांसाठी उतार पाहिजे. नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. जोता दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब होईल. नकाशात तेवढी जागा सोडली नाही तर ठेकेदार मग घसरगुंडीसारखं काहीतरी करून ठेवतो, त्यावरून चाकाची खुर्ची काय, धडधाकट माणूसही नीट चढत नाही.

मैदानाचं पाहू. महिलांच्या कबड्डीचं मैदान १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असतं, म्हणजे ४० बाय २६ फूट. खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतं. भोवती मोकळी जागा धरली तर आठ-दहा गुंठ्यांत खो-खो आणि कबड्डी दोन्ही आळीपाळीने होतात. धावायला मात्र जास्त जागा लागते. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. ६० मीटर लांब आणि ४० मीटर रुंद मैदान असेल तर कडेने एक फेरी २०० मीटरची होते, चार फेऱ्यांत ८०० मीटर. एवढ्याला पंचवीस ते तीस गुंठे लागतील. १०० मीटरची सरळ धाव त्यात बसणार नाही, ती पांदण रस्त्यावर चुन्याने आखून घ्यावी लागेल. तीस गुंठे नसतील तर नाराज होऊ नका. पण मोजमाप माहीत असलं की कोणी पाच गुंठ्यांचा तुकडा दाखवून "हे घ्या तुमचं क्रीडांगण" म्हणालं तर आपल्याला उत्तर देता येतं.

जागा बघताना गायरानाकडे लगेच बोट दाखवलं जातं. सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनीवरच्या अतिक्रमणाबद्दल कडक निकाल दिला, आणि त्यानंतर आपल्या राज्यातही गायरान देण्यावर बंधनं आली. सार्वजनिक कामाला जागा मिळू शकते, पण ती महसूल खात्याच्या परवानगीने. "सरपंच हो म्हणाले" एवढ्यावर खांब गाडले तर उद्या ते अतिक्रमण ठरू शकतं. कोणी दानशूर शेतकरी तोंडी जागा देतो म्हणाला तर त्याचे आभार माना आणि नोंदणीकृत बक्षीसपत्र मागा. मुलं मोठी झाली, जमिनीला भाव आला, की तोंडी दान परत मागितलं जातं. देवस्थानाची जागा असेल तर खासदार निधीचा रस्ता बंद होतो, कारण तो पैसा धार्मिक संस्थेच्या जागेवरच्या कामाला वापरता येत नाही.

मग माती. आपली काळी कसदार जमीन कपाशीला चांगली, घराला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात, आणि वरची भिंतही तशीच फाटते. तुमच्या गावातल्या पाच-दहा वर्षांच्या सरकारी इमारती पाहा, कोपऱ्यातून तिरप्या भेगा गेलेल्या दिसतील. म्हणून पाया किती खोल जाणार, खालची काळी माती काढून मुरूम भरणार की नाही, हे अंदाजपत्रकात लिहिलंय का ते अभियंत्याला विचारा. बाईने विचारलं म्हणून तो हसला तरी विचारा.

छतावर वाद होतो. टिनाचं स्वस्त पडतं, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा टिनाखाली दुपारी कोणी बसू शकत नाही, आणि पावसात एकमेकींचं ऐकू येत नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत उन्हाळ्यात जाऊन बसा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू. गांधीजी १९३६ ला तिथे राहायला आले, तेव्हा आसपास मिळेल त्याच सामानातून बांधलेल्या या कुट्या आजही थंड आहेत. वर्ध्याजवळ दत्तपूरला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था आहे, तिथे कुंभाराने घडवलेल्या शंकूच्या आकाराच्या मातीच्या कवेलूंचं छत पाहायला मिळतं. सगळा हॉल तसा करा असं मी म्हणत नाही, सरकारी अंदाजपत्रकात ते बसवणं अवघड. पण निदान एक पडवी कवेलूची ठेवा, आणि पूर्व-पश्चिमेला मोठ्या खिडक्या टाळा. एक अभ्यास सहल काढा, प्रभागसंघातून तुम्हाला कोणी ना कोणी सोबत येईल.

पैसा कुठून

एका ठिकाणाहून सगळा पैसा येईल ही आशा सोडा. तुकडे जोडावे लागतात, गोधडीसारखे.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, 'आमचं गाव आमचा विकास', हे पहिलं दार. वित्त आयोगाचा पैसा याच आराखड्यातून खर्च होतो. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित. केंद्राचा संडास आणि पाण्याची टाकी बंधित भागात, दुरुस्ती आणि दिवे अबंधित भागात, असं मांडता येतं. चालू वर्षाचं प्रमाण ग्रामसेवकांना विचारा. याशिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. मागच्या तीन वर्षांत तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. लहान गावात ही रक्कम लहान असते, पण पंखे आणि सतरंज्या त्यातून होतात.

आमदार निधी, खासदार निधी, आणि ज्याला गावात 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो ग्रामविकासचा निधी, यातून सभागृहं होतात. हे मिळवायला पत्र आणि पाठपुरावा लागतो, आणि निवडणुकीचा हंगामही लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एक विनंती, निवेदनावर एका पक्षाचा शिक्का बसू देऊ नका. सरकार बदललं की अर्धी भिंत तशीच उभी राहते.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यातल्या कामांच्या यादीत महिला बचत गटांच्या संघांसाठी इमारत आणि खेळाचं मैदान ही दोन्ही कामं होती. मैदानाचं सपाटीकरण हे मजुरीचं काम, आपल्याच माणसांना ते मिळू शकतं. आजचे नियम रोजगार सेवकाकडून समजून घ्या. मैदानाला आणि व्यायामशाळेला क्रीडा विभागाचं अनुदान असतं, त्यासाठी वर्धेला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं. जाताना जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव न्या, नाहीतर चक्कर वाया जाते आणि बसभाडंही.

लोकवर्गणी घ्यावी का? घ्यावी, थोडी. पण पावती देऊन, आणि गरीब घरातून श्रमदान चालेल असं आधीच जाहीर करून. "एवढे दिले तर भिंतीवर नाव" हा प्रकार मला आवडत नाही. ज्याचं नाव मोठं, तो मग आपली चावी मागतो.

बांधायच्या पैशापेक्षा चालवायच्या पैशाची मला जास्त काळजी वाटते. समजा, महिन्याला वीजबिल ६०० रुपये, सफाईची मजुरी १,५०० आणि दुरुस्तीसाठी बाजूला ५०० टाकले. झाले २,६००. १२० जणींनी दरमहा दहा-दहा रुपये दिले तर १,२०० होतात. राहिलेले १,४०० कुठून? लग्न, साक्षगंध, बारसं यांच्या भाड्यातून येतील. म्हणजे महिन्याला सरासरी दोन कार्यक्रम ७०० रुपयांनी. लग्नसराईत जास्त मिळेल, आषाढात काहीच नाही. तेव्हा लग्नसराईचा पैसा पावसाळ्यासाठी बँकेत ठेवायचा. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमचे लिहा, पण हे पान कोरं ठेवून ग्रामसभेत जाऊ नका.

करारात काय लिहायचं

इमारत ग्रामपंचायतीच्या नावावर, वापर सगळ्यांचा, कारभार समितीचा. अशा रचनेत ग्रामपंचायत आणि ग्रामसंघ यांच्यात लेखी करारनामा पाहिजे, ग्रामसभेच्या ठरावासह. ग्रामपंचायतीला आपली जागा किती वर्षांसाठी देता येते आणि वरची परवानगी कधी लागते, हे ग्रामसेवकांकडून लेखी विचारून घ्या. समितीत निम्म्यापेक्षा जास्त बाया, आणि प्रत्येक वस्तीतून किमान एक जण. बँकेचं खातं वेगळं, दोन सह्यांचं, आपल्या गटासारखं. दर तीन महिन्यांनी हिशेब फळ्यावर.

चावीचं कलम मी सगळ्यात आधी लिहीन. दोन चाव्या: एक ग्रामसंघाकडे, एक ग्रामपंचायतीत. घरच्या पुरुषाच्या खुंटीवर नाही! कोणी कधी उघडलं त्याची वही.

मग वेळापत्रक. इथे खरी ओढाताण होते. पहाटे मुलींचं धावणं आणि कवायत, संध्याकाळी मुलांचा खेळ, असं म्हणणं सोपं आहे. पण पोरींना शाळा-कॉलेज सुटल्यावरच खो-खो खेळायचा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलं नेट बांधतात. दिवस वाटून घ्या: तीन संध्याकाळी मुलींच्या, तीन मुलांच्या, रविवार सामने. भजनाची संध्याकाळ ठरलेली असते, त्या वेळी बाजूला अभ्यासिका चालू ठेवता येत नाही, हे आधीच कळलेलं बरं. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या काळात माईक बंद. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईसाठी संध्याकाळचा एक तास पोरींचा, आता घराघरांत गाणी कमी झाली आहेत, एकत्र जागा मिळाली तर आज्याही येतील शिकवायला. तान्हा पोळा मैदानावर. दंडारीला रात्र लागते, तिला खास परवानगी.

लग्नासाठी भाड्याने देताना गटाची ठरलेली बैठक हलवायची नाही, हेही लिहा. सुरुवातीला सगळे हो म्हणतात. मग एप्रिलमध्ये कोणी मोठं माणूस येतं आणि म्हणतं, "ताई, तुमची मीटिंग का पुढच्या आठवड्यात नाही होत?" कागद असला की कागद बोलतो, आपल्याला भांडावं लागत नाही. दारू आणि जुगार बंद, राजकीय सभा सगळ्यांना सारख्या भाड्याने किंवा कोणालाच नाही.

आणि वाद झाला तर? बहुमताने हात वर करून निकाल लावणं झटपट होतं, पण लहान वस्ती दरवेळी हरते. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी एकत्र राहतात, कामं स्वतः करतात आणि निर्णय सर्वांच्या सहमतीने घेतात. आपल्याला आश्रम काढायचा नाहीये. पण जागा, वेळ आणि भाडं या तीन गोष्टी तरी सहमतीने ठरवा, एका बैठकीत नाही जमलं तर दोन बैठका घ्या.

ग्रामसभेत कसं न्यायचं

ग्रामसंघाने दरवर्षी जो गाव दारिद्र्य निर्मूलन आराखडा भरायचा असतो, ज्याला आपण व्हीपीआरपी म्हणतो, त्यात सार्वजनिक वस्तू, सेवा आणि संसाधनांचा एक भाग आहे. केंद्राची मागणी तिथे नोंदवा. हा आराखडा ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जोडला जावा अशीच त्याची रचना आहे. पंचायतीच्या आराखड्याची मोहीम बहुतेक वेळा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, म्हणून पोळ्याच्या आत आपली तयारी झालेली बरी.

ग्रामसभेआधी महिला सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. ती कित्येकदा फक्त रजिस्टरवर होते. या वेळी ती खरी करा. तिथे ठराव घ्या, सह्या घ्या, आणि त्याची प्रत मागून घ्या. मग ग्रामसभेत सगळ्या जणी मिळून जा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी जी संख्या कमी ती हजेरी लागते. आपल्या बारा गटांच्या १२० जणी आल्या तर गणपूर्ती आपल्यावरच होते! आणि न आल्या, तर सभा तहकूब होऊन पुढच्या वेळी गणपूर्तीशिवाय होऊ शकते. मग दहा-बारा माणसं बसून ठरवतील की यंदा पुन्हा प्रवेशद्वार आणि पेव्हिंग ब्लॉक.

बोलायला दोघी-तिघी आधीच ठरवा. एकीने जागेचं माप सांगायचं, एकीने खर्चाचं पान वाचायचं, आणि एका धावणाऱ्या पोरीला बोलू द्यायचं. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, हे सही करण्याआधी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून मागा, त्यात लाजायचं काही नाही.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघाने तीन गोष्टी आणाव्यात: गावातल्या बंद किंवा अर्धवट वास्तूंची यादी आणि चावी कोणाकडे त्याचं नाव, शाळेच्या मैदानाचं टेपने घेतलेलं माप, आणि धावायला किंवा खेळायला तयार असलेल्या मुलींची संख्या. कोऱ्या कागदावर लिहून आणलं तरी चालेल. टेप नसेल तर मला सांगा, माझ्या पिशवीत एक शंभर फुटी टेप असतो.